रिकामं बसलं की हँग

अंबाबाईची शपथ, खालचा शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे एक जागा सोडून. ती कुठली, ते शेवटी सांगतो. धीर झाला तर.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात धूळ आणि किस्से आपोआप साठतात. धूळ ब्लोअर मारला की उडते. किस्से ऐकायला माणूस लागतं, आणि मंगळवार पेठेतल्या माझ्या दुकानात हल्ली दिवसाकाठी एखादंच येतं. तेही बहुतेक वेळा पत्ता विचारायला!

माझी खासियत ओव्हरक्लॉकिंग. कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलाय, त्याच्या पुढे त्याला पळवायचा. पळतो हो. टिकतो का, हा प्रश्न. त्यासाठी टेस्टचं सॉफ्टवेअर असतं, ते मशीनला बारा तास रगडतं. पूर्वी माझा त्याच्यावर फार विश्वास होता.

*

तो विश्वास पहिल्यांदा उडवला कबनूरच्या अण्णांनी. अण्णांचे यंत्रमाग. साडीच्या काठाची डिझाइनं करायला त्यांना वेगवान मशीन हवं होतं. टेस्ट पास करून दिलं. दुसऱ्याच दिवशी फोन, "पावणं, तुमचं घोडं बसलं की!"

गेलो. माझ्यासमोर झकास चाललं होतं. एवढ्यात शेडमधले माग एकदम सुरू झाले, दिवे मिणमिणले आणि स्क्रीन निळी!

"अण्णा, टेस्ट पास झालती हो."

"व्हय. पण तुमच्या टेस्टात माग हुतं का माग?"

*

जोतिबाच्या डोंगरावर एक दुकानदार भाविकांचे फोटो छापून देतो. त्याचं मशीन ऐन यात्रेत बंद पडलं. कॅबिनेट उघडलं तर आत सगळं गुलाबी! पंखा गुलालात रुतलेला. मी ब्लोअर काढला, तर त्याने माझा हातच धरला.

"थांबा की! देव बी गुलालातच बसलाय न्हवं? त्यो कधी हँग झालाय?"

याचं उत्तर कुठल्या मॅन्युअलात शोधायचं?

*

माझ्या शेजारी आक्कांची खाणावळ. त्यांना भजनं लावायला एक जुनं मशीन पळवून दिलं आणि टेस्टचा रिझल्ट कौतुकाने दाखवायला गेलो. आक्कांनी परातीवरून मानसुद्धा वर केली नाही.

"त्ये ऱ्हाऊ दे तुज्याकडंच. पंचवीस भाकरी थापून हुईस्तोवर चालतंय का बघूया."

एकविसाव्या भाकरीला गेलं!

तेव्हापासून माझी टेस्ट तीच. पंचवीस भाकऱ्या टिकलं, तरच मशीन गिऱ्हाइकाच्या हातात.

*

माझं स्वतःचं मशीन वेगळ्याच जातीचं. दिवसभर राबवा, हूं नाही की चूं नाही. काम संपवून मोकळं सोडलं की पाच मिनिटांत मान टाकायचं. यात जादू काही नाही. काम नसलं की प्रोसेसर वीज कमी घेतो, आणि तेवढ्यावर वाढवलेला वेग त्याला पेलवत नाही.

आक्कांना हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मालकावर गेलंय."

*

राहता राहिले मास्तर. निवृत्त चित्रकला शिक्षक. पेठेतच घर, आणि घरात एकटेच. कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळतात. त्यांच्या मशीनचा वेगही मीच वाढवून दिलेला, आणि त्यालाही तोच रोग. मास्तर एका चालीला अर्धा अर्धा तास विचार करणार, आणि तेवढ्या शांततेत मशीन थिजणार. मग मला फोन.

"ये रे. चाल माझी हाय आन् ह्येनंच मान टाकली!"

मी जायचो. मशीन चालू होईपर्यंत म्हणून लाकडी पट निघायचा, चहा व्हायचा, डाव रंगायचा. मशीन केव्हाच चालू होऊन बसलेलं असायचं. त्याच्याकडे बघतंय कोण!

पण एक दिवस माझ्यातला कारागीर जागा झाला. वेग उतरवला, मशीन पक्कं करून टाकलं. पंचवीस काय, शंभर भाकऱ्यांचं!

त्यानंतर तीन आठवडे फोन नाही. माझाच फोन बिघडला असेल म्हणून आक्कांना मिस्ड कॉल द्यायला लावला. वाजला. शेवटी धूळ झाडायच्या निमित्ताने मास्तरांकडे जाऊन आलो. मशीन ठणठणीत. मास्तरही खुशीत. अर्ध्या तासात निघालो.

चारच दिवसांनी फोन. "ये रे. परत थिजलंय."

सायकलीला टांग मारून पोचलो. सेटिंग उघडून बघतो, तर मी उतरवलेला वेग कुणीतरी पुन्हा वाढवून ठेवलेला!

"मास्तर, ह्यात हात कुणी घातला?"

मास्तर पटावर मोहरे मांडत होते. "चहा घे आधी," म्हणाले.

*

तर ती एक जागा. मी सेटिंग उघडलं, दचकलो, मास्तरांना विचारलं, हे रचलेलं. मास्तरांना त्या सेटिंगपर्यंत पोचता येत नाही. धूळ झाडायला गेलतो, तेव्हा मास्तर दूध आणायला कोपऱ्यावर गेले होते. तेवढा वेळ पुरतो.

"चहा घे आधी," हे मात्र मास्तर खरंच म्हणाले. मी काहीच विचारलं नव्हतं.