सुमनकाकूंची अर्धी गाणी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सत्कार समारंभांत जिवंत माणसंच माइकवरून इतका छळ करतात, की मेलेल्यांवर संशय घ्यायला सवड झाली नाही.

लोक मोबाईलवर गाणी कशी गातात, ऐकतात, यावर अमरावतीत माझी पीएच.डी. चालू आहे. विषयाचं नाव एवढं लांब, की मार्गदर्शकही ते बघून वाचतात. असो.

गाण्याच्या एका ॲपवर चांदूर रेल्वेच्या सुमनकाकू भेटल्या. तिथे युगुलगीतातला आपला भाग गाऊन ठेवायचा. उरलेला कुणी अनोळखी माणूस भरतो. काकूंची सगळी गाणी अर्धीच... आणि कुणी भरू नयेत म्हणून 'प्रायव्हेट'. मला अभ्यासापुरती परवानगी दिली.

"भाऊ, थे जागा आमच्या मास्तरांची हाय," त्या म्हणाल्या. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, दोन वर्षांपूर्वी गेले. "त्यायचा आवाज मोबाईलमंदी होता. मोबाईल बदलला तवा गेला. पोरगं म्हणते, बॅकअप काहून नाही घेतला? आता माणसाचा बॅकअप घेतेत काय?"

राजापेठेतल्या खोलीवर भर दुपारी ऐकत बसलो होतो. खाली ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांचे हॉर्न. एका गाण्यात रिकाम्या जागी पुरुषाचा आवाज आला. काकूंची ओळ संपायच्या आतच घुसला, पहिल्याच शब्दाला ठसका... मग नीट गायला. ॲपवर दुसऱ्या गायकाचं नाव नव्हतं.

रूममेटला ऐकवलं. "कोण आहे बे हा? भलताच घाईत आहे!"

दुसऱ्या दिवशी चांदूर गाठलं. काकूंनी डोळे मिटून ऐकलं.

"याच्यात त माहाच आवाज हाय, भाऊ."

रिकाम्या जागी पुरुषाचा आवाज आहे, असं सांगून पुन्हा लावलं, स्पीकरवर. मला स्वच्छ ऐकू येत होता. त्यांना नाही. कानांचा दोष म्हणावा, तर शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी आधी त्यांनीच ऐकली.

"काय करून राहिले ते?"

"तुमची ओळ संपू देत नाहीत. आणि ठसका लागतो."

काकूंनी मोबाईल कानाशी धरला. "पान तोंडात ठेवूनच गायले बसत. त्याच्यावरून किती भांडलो आमी..." मग म्हणाल्या, "मंग मलेच काहून नाही आयकू येत?"

ध्वनिमुद्रणातला एक मित्र म्हणतो, दुसरा ट्रॅक मिसळला असेल. असेल. पण मग तो काकूंनाही ऐकू यायला हवा होता.

"तुमी म्हणून दाखवा," त्या म्हणाल्या. "आयकलं तसं."

सुराशी माझं वैर आहे. तरी गायलो, ठसक्यासकट. काकूंनी आपली ओळ धरली... आणि मध्येच थांबल्या.

"आणखी लवकर, भाऊ. ते इतकं थांबत नसत."