मामा ओळ विसरला नव्हता

माझा मामा गोंधळी. पेपरात त्याचं नाव कधी आलं नाही, पण साखर कारखाना सुरू झाला की ढोकीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांवर त्याचाच आवाज. अजूनही असतो. त्याच्या गोंधळाला माणसं अणदूरहून पार ईटपर्यंत गाड्या काढून जायची. असल्या माणसावर पुण्याची पोरं डॉक्युमेंटरी करायला आली, तेव्हा मला लई आनंद झाला होता. आता त्या फिल्मचं नाव निघालं तरी डोकं फिरतं.

गोंधळात गाणारा ओळ पुरी करत नाही. अर्ध्यात सोडतो, आणि मागं तुणतुणं घेऊन उभा असलेला झीलकरी ती उचलून शेवटाला नेतो. मामानं जन्मभर ओळी सोडल्या, त्याच्या झीलकऱ्यानं जन्मभर उचलल्या. भांडण झालं की दोघं एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत, पण ओळ कधी खाली पडली नाही.

शूटिंगला दिग्दर्शकानं झीलकऱ्याला कॅमेऱ्यामागं बसवलं. "काका, आपल्याला फक्त यांनाच दाखवायचंय. माइक चालू आहे, आवाज नको हं." तो बसला. मामानं सवयीनं ओळ सोडली आणि थांबला. मान वळवून त्याला शोधायला लागला. हा बापडा तोंडावर हात ठेवून गप्प.

फिल्म यूट्यूबवर आली तोवर मामा गेला होता. फिल्मच्या शेवटी ती ओळ तुटते, मामाचे डोळे भिरभिरतात, बासरी सुरू होते, पडदा काळा. खाली लोकांनी लिहिलंय, बिचारे म्हातारपणी विसरले. अरे, विसरले काय! अख्ख्या भावकीच्या लग्नात कोण कशावरून रुसलं होतं, ते मरेपर्यंत तोंडपाठ होतं त्याला!

दिग्दर्शकाला फोन लावला, सगळं समजावलं. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, तोच तर सगळ्यात सुंदर क्षण आहे. लोक तिथंच रडतात." रडू देत की. पण खोट्यावर कशाला?

झीलकरी माझ्यासारखा चिडला नाही. "मला न्हाय दाखवलं त्येचं काय न्हाय," तो म्हणाला. "पर म्या गप बसलो म्हून त्यो थांबला, एवढं तरी सांगायचं व्हतं." तेव्हापासून मला चैन नाही. भेटेल त्याला धरून समजावतो. लोक हो हो म्हणतात आणि तीच फिल्म दुसऱ्याला पाठवतात.

परवा मामीकडं गेलो. लग्न झाल्यापासून मामाच्या अर्ध्या सोडलेल्या ओळी ऐकत आलेली ती बाई. सुनेच्या मोबाइलवर फिल्मचा शेवट बघत बसली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं पदरानं डोळे पुसले.

"शेवटी शेवटी ह्यांना आठवंना झालं व्हतं," ती म्हणाली. "मलाच कसं कळलं न्हाय रं?"