आनंदीची आणंदी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आईला नाही, कामावरच्या एकाही माणसाला नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. फक्त मध्येच "जाऊ दे गं, होतं असं" म्हणू नका. असं आपोआप काही होत नसतं. मी केलं.

गोखिवऱ्यात एका छोट्या डीटीपीच्या दुकानात मी काम करते. पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका — लोक मजकूर आणून देतात, आम्ही तो पानांवर बसवतो. शंभर फाइलींमधला एक शब्द बदलायचा असेल तर बाकीचे एकेक फाइल उघडत बसतात. मी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिते, कुठल्या अक्षरांच्या जागी कुठली अक्षरं घालायची ते तिला सांगते, आणि चहा येईपर्यंत काम उरकतं. याचा मला माज होता. माजच — दुसरा शब्द नाही त्याला.

एकदा एक निवृत्त शिक्षिका आल्या. नाव नको, नुसतं बाई म्हणते. भातशेतीवाल्या गावातल्या. त्यांची आई वारली होती, आनंदी तिचं नाव. बाईंनी दोन वर्षं खपून, मोबाईलवर एकेक अक्षर दाबत, आठवेल तसं आईचं बोलणं लिहून काढलं होतं. आवणीतलं, म्हणजे भातलावणीतलं, भांडणातलं, हळदीच्या दिवशीचं. जसंच्या तसं, घरच्या बोलीत. "कोन हाय गो तिथं? पानी आन." आणि मधूनमधून बाईंचं स्वतःचं लिखाण, शाळेतल्या मराठीत. साठेक छोट्या फाइली, एका पेनड्राइव्हवर. म्हणाल्या, "तू फक्त पानं लावून दे."

एवढं सोपं वाक्य मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. पण ते "पानी" माझ्या डोळ्यांत खुपत होतं.

माझे आईवडील साताऱ्याकडचे, मी मनवेलपाड्याच्या चाळीत वाढले. आमच्याही घरात पानीच होतं. शाळेत एकदा मोठ्याने तसं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी घरी आईला टोकायला लागले. पाणी म्हण. पाणी! हे कारण म्हणून सांगत नाहीये. उलट संताप त्याचाच येतो — आपल्या बोलीला कुणी हसलं की कसं वाटतं हे जिला पक्कं माहीत होतं, तिनेच हे करावं? कुणी विचारलं होतं मला शुद्ध आणि अशुद्ध?

मी यादी केली. पानी तिथे पाणी. कोन तिथे कोण. आन तिथे आण. शब्द कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे सांगणारी एक खूण असते. ती लावली की मोठ्या शब्दाच्या पोटातल्या अक्षरांना हात लागत नाही. आमच्या प्रोग्रॅममध्ये ती खूण इंग्रजीला चालायची, देवनागरीला नाही. दोनदा लावून बघितली, एकही शब्द बदलेना. तर मी खूणच काढून टाकली आणि स्क्रिप्ट चालवली — थेट बाईंच्या पेनड्राइव्हवर. आधी कॉपीसुद्धा न काढता. बाकीच्यांना "आधी कॉपी काढा" म्हणून खेकसणारी मी!

मग जे व्हायचं तेच झालं. जपानी छत्रीची जपाणी छत्री झाली, कोनाड्याचा कोणाडा. आनंदाचा आणंद. आणि पानापानावर, जिथे जिथे बाईंच्या आईचं नाव होतं तिथे तिथे — आणंदी. मी एक पान वाचून बघितलं नाही. प्रूफं काढली आणि फोन करून बाईंना बोलावलं.

बाई आपल्या मुलाला घेऊन आल्या. पहिल्याच पानावर, आईच्या नावावर बोट ठेवून थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला त्याच क्षणी कळलं काय झालंय ते. उलटी स्क्रिप्ट चालवावी? पण बाईंच्या स्वतःच्या लिखाणात खरे पाणी, खरे कोण होतेच. त्यातला कुठला ण त्यांचा आणि कुठला मी घुसडलेला, हे आता कुठलंच मशीन सांगू शकत नव्हतं. त्यांचा मोबाईलही मध्यंतरी बदललेला. जे होतं ते त्या पेनड्राइव्हवर, आणि ते मी संपवलं होतं.

एक वाक्य होतं — बाई, माझ्याकडून झालं. केवढं लहान वाक्य! मी म्हणाले, "बाई, तुमच्या फाइलमध्येच असं होतं."

"माज्या आयचा नाव मी चुकवीन?" शाळेची मराठी सुटलीच त्यांची.

मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आई, हल्ली तू विसरतेस गं. परवा गॅस पण चालूच राहिला होता." वाईट नव्हता बिचारा. घाबरला होता. आणि मी? मी मान हलवली. हो, मान हलवली — समजूतदारपणे, जशी डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलेली बायका-माणसं हलवतात तशी. आजही ती मान आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बाईंनी पुढचं पान उलटलं; तिथेही आणंदीच. मग म्हणाल्या, "असेल. मीच लिहिलं असेल." आणि प्रूफं पिशवीत घातली.

पुस्तक निघालं नाही. मुलगा नंतर एकदा पेनड्राइव्ह न्यायला आला तेव्हा म्हणाला, आईने लिहिणं सोडलं, आता विस्मरणाच्या तपासण्या करायच्यात. मी "काळजी घ्या" म्हणाले. तो जिन्यावरून उतरेपर्यंत मी ती स्क्रिप्ट पुसून टाकली होती.

गेल्या नोव्हेंबरात बाई परत आल्या, एकट्याच. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता, त्याची झेरॉक्स हवी होती. फॉर्म भरलेला, ठसठशीत, फळ्यावर लिहावं तशा अक्षरात. तो माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "माझं नाव बरोबर लिहिलंय ना, बघ गं जरा. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही आता."

मी वाचलं. एका अक्षराचीही चूक नव्हती.

"बरोबर आहे, बाई."

"नीट बघितलंस ना?"

"हो," मी म्हणाले. माझे आभार मानून बाई गेल्या.