मारलं नाही, उभं ठेवलं

स्टेनोबाईंची आणि माझी पहिली भेट आश्रयाच्या कचेरीत झाली. मी तिथे दुभाषी. त्यांच्याच देशातून दहा वर्षं आधी पळून आलेली, त्यामुळे समोर बसलेल्या प्रत्येकासाठी माझा जीव तुटायचा.

बाई तिकडे बावीस वर्षं कोर्टात स्टेनो होत्या. कोठडीत मेलेल्या एका तरुणाच्या खटल्यात साक्षीदाराने फौजदाराचं नाव घेतलं. संध्याकाळी वरून निरोप आला, ती ओळ गाळा. बाई म्हणाल्या, "कानावर पडलं ते कागदावर उतरलं. आता त्यात माझं काही चालत नाही." पंधरा दिवसांनी नवरा-बायको दोघांनाही उचललं. नवऱ्याला इतकं तुडवलं की तो तीन महिन्यांत गेला. मग बाईंनी सासूबाईंचा हात धरला आणि सीमा ओलांडली.

हे सगळं मी अधिकाऱ्यांना सांगत होते. "आणि तुम्हाला काय केलं?" त्यांनी विचारलं.

"चौदा तास भिंतीकडे तोंड करून उभं ठेवलं," बाई म्हणाल्या.

एवढ्याने साहेबांचं पेन हलत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक होतं. मी सांगितलं, "उभं ठेवलं आणि मारलं."

बाईंनी हात वर केला. निर्वासितांच्या छावणीत सहा महिन्यांत त्या इथली भाषा थोडीफार शिकल्या होत्या. "ताई, तुम्ही 'मारलं' म्हणालात."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी..." मी कुजबुजले.

"कळतंय मला. पण मला मारलं नाही. खोडायला सांगा."

साहेबांनी काय चाललंय ते विचारलं. मान खाली घालून मला सगळं कबूल करावं लागलं. माझं काम तीन महिने बंद झालं. बाईंचा अर्ज फेटाळला गेला.

मी तोंड लपवतच त्यांच्या खोलीवर गेले. सासूबाई तर पेटल्याच होत्या. "दोन थपडा खाल्ल्या म्हटलं असतं तर हिची जीभ झडली असती का?"

बाई कोपऱ्यात मुलाखतीची प्रत वाचत होत्या, हातात शिसपेन्सिल. "सासूबाई, यात चौदाचे चार तास केलेत. तारीखही चुकलीय." अर्ज फेटाळला म्हणून रडायचं सोडून या बाईने सतरा चुका शोधल्या. त्यातल्या तीन चुका त्यांच्याच फायद्याच्या होत्या. त्याही दुरुस्त केल्या.

अपिलात न्यायाधीशबाईंनी ती प्रत दोनदा उलटून पाहिली. "या तीन चुका तशाच राहिल्या असत्या तर तुमचाच फायदा होता. का सांगितल्या?"

"तशाच ठेवल्या असत्या तर बाकीच्या पानांवर तुम्ही विश्वास का ठेवावा?"

दोन आठवड्यांनी आश्रय मंजूर झाला. सासूबाईंनी शेजारपाजाऱ्यांना ओरडून सांगितलं, "माझी सून हट्टी आहे, पण शहाणी आहे!" महिनाभर ज्या सुनेला शिव्या दिल्या, तिचंच कौतुक.

बाईंनी निकालाची घडी घातली, खाली बसल्या आणि हुंदके देऊन रडू लागल्या. मला वाटलं, आनंदाने. मी पाणी आणून दिलं.

"आजवर वेळच मिळाला नाही हो," त्या म्हणाल्या. "ते गेले, तेव्हाही नाही."

सासूबाईंनी शेजारी बसून सुनेचं डोकं मांडीवर घेतलं.