दांडवणांचे पाणी

मास्तर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे भिवंडीला निघाले होते, पण त्या दिवशी गुडघ्याविषयी त्यांनी एक शब्दही काढला नाही. तीन फुटांची काचेची टाकी, स्पंजचा फिल्टर आणि चौदा मासे त्यांनी रिक्षातून माझ्या घरी आणले, हॉलमध्ये भिंतीशी मांडले आणि दोन महिन्यांसाठी माझ्या हवाली केले.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. सोलापुरातल्या एका रंगकारखान्यात त्यांनी आयुष्यभर सूत रंगवले आणि तिथे मुख्य रंगाऱ्याला मास्तर म्हणत, म्हणून ते मास्तर. शिक्षण तेलुगू शाळेत चौथीपर्यंत. मी सांगोल्याकडच्या एका खेड्यातून बी.एस्सी. करायला आलो तेव्हा तीन वर्षे त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत राहत होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परीक्षेच्या दिवसांत मास्तर घरातला टीव्ही बंद ठेवायला लावत आणि शेजाऱ्यांनाही दम देत, "आमच्याकडं बीएस्सी हाय ओ, हळू बोला." तेव्हापासून ते मला बीएस्सीच म्हणतात आणि मी त्यांना मामा. आता मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. या नोकरीत त्या बंद टीव्हीचा वाटा आहे, असे मी मानतो.

मासे दांडवण होते. बोटभर लांब, चंदेरी अंग आणि तोंडापासून शेपटीपर्यंत पेनाने ओढावी तशी एकच काळी रेघ. शोभेच्या माशांच्या दुकानात हा मासा कोणी ठेवत नाही. नदीत तो मिळतो, दुर्मिळ मुळीच नाही. पण मास्तरांचे मासे नदीतले नव्हते. त्यांच्या कारखान्याच्या आवारात एक विहीर होती आणि सूत धुवायला तिचेच पाणी घेत. जुन्या कामगारांनी तिच्यात दांडवण सोडले होते. डास होऊ नयेत म्हणून तर खरेच, पण त्याहून मोठे कारण हे, की रंगाचे पाणी मुरत मुरत विहिरीत उतरले तर ते आधी माशांवर दिसावे. मास्तर कामावर आले की आधी विहिरीत डोकावत आणि मग रंगाला हात लावत. पुढे कारखाना बंद झाला, जागा विकली गेली आणि विहीर बुजवायचे ठरले. मास्तरांनी मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे शिवले आणि दोन दिवस खपून हाती लागतील तेवढे मासे घरी आणले. त्यानंतर तीन पिढ्या त्यांनी टाकीत वाढवल्या. त्या विहिरीचे म्हणून जे काही उरले होते ते हे चौदा मासे.

त्यांची निगा मी पूर्वीपासून पाहत आलो होतो. रंगीत खडे नाहीत, प्लास्टिकचा राजवाडा नाही. तळाला धुतलेली वाळू, दोन काळे दगड, पाणवनस्पतीचा एक झुबका. दांडवण उडी मारतो म्हणून वर जाळीचे झाकण. खाणे चिमूटभर, तेही एक दिवसाआड. जाताना मास्तरांनी मला एकच गोष्ट तीनदा सांगितली.

"दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी काढायचं. काढून टाकून द्यायचं. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवायचं, मग ते घालायचं. खायला कमी पडलं तर मासा थांबतो, बीएस्सी. पाणी बिघडलं तर थांबत नाही."

मी मान हलवली. माशांच्या मलमूत्रापासून पाण्यात काय काय साठते ते मला पुस्तकातूनही ठाऊक होते.

पहिल्या रविवारी मी नळी लावून दोन बादल्या काढल्या आणि मोरीकडे निघालो. एरवी घरात मी आणि बायको; त्या उन्हाळ्यात आईही आमच्याकडे होती. थोरला भाऊ मेंढरे घेऊन लांब चारणीला गेला होता आणि गावात टँकर सुरू झाला होता, म्हणून मीच तिला आणले होते. ती दारात आडवी आली.

"कुटं निघालास बादली घेऊन?"

"टाकून द्यायचंय. खराब झालंय."

आईने बादलीत हात घातला, ओंजळभर पाणी वर घेतले आणि उजेडात धरले. "ह्यात काय खराब हाय रं? आरशावानी हाय की. आन तू वतून देतुयास? नोकरी लागली म्हणून पाणी लई झालं व्हय?"

दोष आईवर ढकलणे सोपे आहे. पण खरे सांगायचे तर तिच्या बोलण्याआधीच माझा पाय अडला होता. आमच्या घरी तांदळाचे धुवण शेळीला जाई आणि भांड्यांचे विसळण कढीपत्त्याला. अंघोळ परातीत बसून, आणि परातीतले पाणी पुन्हा अंगणात मारायला. पितळी हंडा रिकामा दिसला की आई कोणाशी बोलत नसे. दोन बादल्या स्वच्छ पाणी मोरीत ओतायला माझा हात शिकलेलाच नव्हता. मी त्या बादल्या परत नेल्या आणि टाकीत ओतल्या.

पुढे मी काढणे सोडलेच, फक्त भर घालत राहिलो. सोलापूरचा उन्हाळा, वर पंखा. टाकीतले पाणी रोज बोटभर खाली जाई. आमच्या कॉलनीत नळ पाच दिवसांनी येतो, ते पाणी प्यायला ठेवायचे, म्हणून मी माशांना बोअरचे घाली. टाकी कायम काठोकाठ भरलेली. काचेवर पाण्याच्या पातळीला पांढरी रेघ उमटायची, ती मी ओल्या फडक्याने पुसून काढायचो आणि काच लख्ख झाली म्हणून मला बरे वाटायचे.

मास्तरांचा दर रविवारी फोन यायचा. "पाणी केलं का?"

"केलं, मामा."

'घातलं' एवढेच खरे होते. 'केलं' म्हटले की दोन्ही अर्थ निघतात, हे कळूनच मी ते म्हणत होतो.

पाचव्या आठवड्यात दांडवण एकत्र फिरेनासे झाले. एरवी ते एका अंगाने वळत, एखाद्याने टाळी वाजवावी तसे सगळे मिळून. आता जो तो वेगळा, पर अंगाला चिकटलेले, मधूनच दगडावर कूस घासणारे. एका सकाळी एक मासा तळाशी मेलेला दिसला. मी प्रयोगशाळेतून सामू म्हणजे पीएच तपासायच्या पट्ट्या आणल्या. सामू जरा जास्त होता, पण भिण्यासारखा नव्हता. माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, मूठभर खडेमीठ टाका, माशाला कसलाही रोग असो, मिठाने जातो. मी टाकले. दुसऱ्या दिवशी तीन मासे गेले.

उरलेले दहा. एक पुरी विहीर माझ्या हातून बुजत होती.

मी सगळी टाकी उपसून ताजे पाणी भरायचे ठरवले आणि नळी हातात घेतली. पण त्याआधी मास्तरांना खरे सांगायला हवे होते. फोन लावला. पाणी एकदाही बदलले नाही, दर रविवारी तुम्हाला खोटे सांगितले, चार मासे मेले, आता टाकी उपसायला नळी हातात घेतली आहे, सगळे एका दमात सांगून टाकले.

मग मास्तर म्हणाले, "नळी खाली ठेवा आधी. एक थेंब काढू नका. घरात कपड्याचा साबण हाय का?"

"साबण? आहे."

"दोन बाटल्या घ्या, सारख्या. एकीत नळाचं पाणी, एकीत टाकीचं, अर्धं अर्धं. दोन्हीत साबणाचा कीस टाका, चिमटीएवढा. हलवा. मी धरतो फोन."

नळाच्या पाण्याला तोंडापर्यंत फेस आला. टाकीच्या पाण्याला फेस धरेचना. वर नुसता नासलेल्या दुधासारखा चोथा तरंगला. पाण्याचा जडपणा मोजायचा प्रयोग मी दरवर्षी मुलांना मांडून देतो. ब्युरेट धुतो, द्रावणे भरतो, आकडे तपासतो. तो घरातल्या टाकीला लावावा हे मला सुचले नव्हते, आणि मास्तर भिवंडीत खाटेवर पाय लांब करून तो माझ्याकडून करून घेत होते.

"फेस नाही ना? मग त्यात क्षार साठलेत ओ. पाणी उडून जातं, क्षार कुठं उडतात? तुम्ही वरनं बोअरचं घातलं, आणखी क्षार. वर मीठ."

"मग सगळं बदलतो ना आत्ता."

"मारता काय त्यांना? महिनाभर खाऱ्यात राहिलेत ते, एकदम गोडात टाकलं तर तेवढ्यानंच जातील. सूत रंगवताना मीठ घालतो आम्ही, ते तीनदा घालतो. एकदम घातलं की रंग धावून बसतो, सूत डागाळतं. घालायचं पण हळू आणि काढायचं पण हळू. रोज दोन तांबे काढा, दोन तांबे नळाचं घाला, तेपण धार बारीक. चार दिवसांनी चार तांबे करा. घाई करायची नाही."

रागाचा एक शब्द नाही. शेवटी फक्त म्हणाले, "टाळता म्हणून मला कळत होतं की. तुम्ही कधी तीन शब्दांच्या खाली बोलत नाही, पाण्याचं विचारलं की एकच शब्द."

आई हे सगळे उंबऱ्यावर बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारले, "खारावलंय व्हय पाणी?"

"हो. आटत गेलं आणि खारट झालं."

"मग मरतीलच की. उन्हाळ्यात तळं तळाला गेलं की आमी मेंढरं त्याच्यावर न्हेत न्हाय. दिसायला निवळशंख असतंय. प्यालं की मेंढरू हगवणीनं जातं."

"आई, हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू कुटं इचारलंस? मला म्हणालास खराब हाय. खारं हाय म्हणाला असतास तर मी हात धरला असता व्हय? आन मला वाटलं, शिकल्याला हाईस, तुला ठावं आसंल."

दुसऱ्या दिवसापासून पाणी काढायचे काम तिने घेतले. तांब्याने हळूच काढायची, झाकण लावायची, तांब्या मोरीत पालथा करायची. पहिल्या दिवशी ओतताना तिने तोंड दुसरीकडे फिरवले. मी घालायचो, बादली टाकीहून उंच ठेवून, नळीला गाठ आवळून, थेंब थेंब. आमच्या वाटचे पिण्याचे पाणी थोडे कमी पडायचे तेव्हा बायको कॉलेजातून बाटल्या भरून आणायला मला सांगायची. सहाव्या दिवशी आणखी एक मासा गेला. आई म्हणाली, "त्यो आधीच जाणार हुता," पण ते माझ्यासाठी म्हणाली होती. दहाव्या दिवशी नऊच्या नऊ एका अंगाने वळले. आईनेच ते आधी पाहिले आणि मला भाकरी सोडून उठायला लावले.

मास्तर आले ते काठी टेकत, जिना चढून, घामाघूम. पाणीसुद्धा न घेता टाकीसमोर स्टुलावर बसले. चष्मा पुसला. बराच वेळ बोटाने हवेत काहीतरी मोजत राहिले.

"शेपटीला चीर असलेली मादी गेली वाटतं."

"सगळ्यात आधी तीच गेली, मामा."

"चांगली होती," ते म्हणाले. मी माफी मागायला तोंड उघडले तेव्हा त्यांनी हात वर केला. "माझीपण चूक हाय ओ. सगळे मासे एकाच टाकीत ठेवले, एवढी वर्षं. माझ्याच हातून काही झालं असतं तर? लाइट गेली, पंप बंद पडला, मीच गेलो. एक विहीर गेली तेव्हा अक्कल यायला पाहिजे होती." मग माझ्याकडे वळून, "पाच इथं राहतील. टाकीपण इथंच. चार मी नेतो, घरी जुनी हाय एक. पावसाळ्यात अंडी घातली की बघू."

"माझ्याकडे? एवढं झाल्यावर?"

"आता तुमच्या हातून परत ही चूक होणार नाही. दुसऱ्या कुणाला दिले तर त्याला पहिल्यापासून शिकवावं लागेल." मग आईकडे बघून हसले. "आणि तुमच्याकडं आई हाईत."

"मी जाणार हाय गावाला," आई म्हणाली. "मेंढरं येत्यात माघारी."

"मग बीएस्सीला लिहून द्या की जाताना."

"लिवायला येतंय कुटं मला!"

"मला तरी मराठीत कुठं येतं?" मास्तर म्हणाले, आणि दोघे माझ्याकडे बघून खूप हसले.

चार मासे त्यांनी स्वतः धरले. जाळी पाण्यात स्थिर ठेवायची आणि मासा आपण होऊन आत येईपर्यंत थांबायचे, ही त्यांची पद्धत. अर्धा तास लागला. झाकणाच्या बरणीत टाकीचेच पाणी घेतले, वर हवेला जागा सोडली. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवले. एक पाय वाकत नव्हता म्हणून तो बाहेर काढलेला, काठी बगलेत, बरणी दोन्ही हातांत पोटाशी. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एकामागे एक तीन गतिरोधक आहेत.

"हळू, बीएस्सी," मास्तर मागून म्हणाले. "आणखी हळू."