लाल चिठ्ठी आणि अर्ध्या बाह्या

फरीदाबादच्या त्या फ्लॅटमध्ये चपलासुद्धा पिवळ्या पट्टीच्या आतच काढायच्या. पट्टी अविनाशरावांनी स्वतः फरशीवर चिकटवलेली. एखादी टाच बाहेर राहिली तर ते नुसते उभे राहून त्या चपलेकडे बघायचे, जशी काही ती लाजून आपणहून आत सरकणार आहे. सुमित्राबाई लेकीकडे राहायला आल्या त्या दिवशी दारातच जावई वाकला. त्यांनी आशीर्वादाला हात उचलला. तो त्यांची चप्पल सरळ करत होता.

अविनाशराव मूळचे पुण्याचे. इथे गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचे साहेब. ब्रेक चांगले होत असतील, आपण काय बघायला जातो! पण त्या कारखान्यात म्हणे एक पद्धत आहे. तीन महिन्यांत ज्या वस्तूला हात लागला नाही तिला लाल चिठ्ठी लावायची, आणि चिठ्ठी लागली की वस्तू बाहेर. नटबोल्टांना ते शोभत असेल. या माणसाने ते घरी आणलं. गणपती होऊन बरेच महिने झाले होते, तर यांनी मोदकपात्राला चिठ्ठी लावली. सुमित्राबाईंनी ती नखाने खरवडून केरात टाकली आणि वर म्हणाल्या, "हो हो, बरोबर आहे तुमचं." जावयाला एवढंच म्हणायचं असतं. लेकीचं घर, कितीही वर्षं राहा, आपण पाहुणेच.

मार्च सरत आला. दिल्लीकडे शाळा एप्रिलात उघडतात. नात अवनी आता सहावीत जाणार होती, आणि पहिल्या दिवशी नर्सरीतल्या नव्या पोरांना फाटकापासून हात धरून वर्गात न्यायला बाईंनी तिला निवडलं होतं. अट एकच, उन्हाळी गणवेश पुरता हवा, नाहीतर दुसरी मुलगी जाईल. पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं. रोज आजीचा हात धरून हॉलमधून स्वयंपाकघरात न्यायची. "रोना नहीं बेटा, मम्मा अभी आएगी." आजीही हुंदके द्यायची, खोटे खोटे. पोरगी पदराने तिचं नाक पुसायची.

शाळेच्या आदल्या रविवारी विनयाची, म्हणजे लेकीची, इस्पितळात ड्यूटी होती. मैदान मोकळं बघून जावयांनी बाह्या सरसावल्या.

"आई, आज अवनीची खोली मार्गी लावतो. नवीन वर्ष, नवीन सिस्टम."

"लावा की."

"तुम्ही दोघी खाली बागेत बसा. मध्ये मध्ये नको."

दोघी बसल्या. परत आल्या तर खोली ओळखू येईना. टेबलावर काळ्या पेनाने कात्रीचा आकार काढलेला, त्यावर कात्री. पट्टीचा आकार, त्यावर पट्टी. खोडरबराचासुद्धा आकार.

"आणि रबर झिजलं की?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"नवा आकार काढायचा," अविनाशराव म्हणाले. हसतील म्हणून त्या थांबल्या. ते हसले नाहीत.

स्वयंपाकघरात ओट्यावर स्टीलचा भला मोठा डबा चमकत होता. "जुने कपडे देऊन घेतला. ती लहान डबा देत होती, मी हा काढून घेतला," जावई छाती काढून म्हणाले.

"बोहारणीकडून?"

"बोहारीण म्हणजे?" अवनीने विचारलं.

"बर्तनवाली गं," म्हणेपर्यंत पोरीने आपलं कपाट उघडलं होतं. आत ब्लेझर, लांब बाह्यांचा स्वेटर, बिनबाह्यांचा स्वेटर, लोकरी मोजे, सगळं उंचीप्रमाणे ओळीत.

"बाबा, माझा समर युनिफॉर्म?"

"तीन महिन्यांत एकदाही घातला नव्हतास. मी नीट चेक केलं ना!"

आता काय म्हणावं? दिवाळी झाली की इथली पोरं लोकरीत शिरतात आणि होळीनंतर बाहेर पडतात. सरत्या मार्चात धूळ खात असतात ते अर्ध्या बाह्यांचेच कपडे. पुण्यात बारा महिने एकच गणवेश, मान्य. पण हा माणूस लग्नाआधीपासून फरीदाबादेत! बायको स्वेटर काढून देते, बायकोच धुऊन ठेवते. याला वाटतं ऋतू कपाटातून येतात.

अवनी रडत होती, या खेपेला खरी. जावई म्हणाले, "दुकानातून आणू." शाळेचं दुकान रविवारी बंद, शाळा सकाळी सातला.

"अविनाशराव," सुमित्राबाई म्हणाल्या, "उचला तो डबा. चला."

बोहारीण दुपारची बाजारामागच्या कडुलिंबाखाली गाठोडं बांधत बसते, हे सुमित्राबाईंना ठाऊक होतं. मोडक्यातोडक्या हिंदीत दोघींच्या सुना-जावयांच्या गप्पा व्हायच्या. होतीच ती तिथे.

अविनाशराव पुढे झाले. "देखिए, यह प्रोसेस की गलती है।"

"किसकी?" ती म्हणाली.

"प्रोसेस की।"

"तो उसी को भेजो।" तिने गाठोड्यावर मांडी ठोकली. "दिया माल वापस नहीं होता, बाबूजी। चलो, अम्मा का मुँह देखकर दे दूँगी। डब्बा रखो, ऊपर से एक कोट-पैंट।"

"कोट-पैंट नहीं है।"

"है," सुमित्राबाई म्हणाल्या.

जावयांनी वळून पाहिलं. "आई, तो माझा अवॉर्डचा सूट आहे!"

होताच. क्वालिटीचं बक्षीस घेताना एका संध्याकाळपुरता घातलेला राखाडी सूट. तेव्हापासून पिशवीत टांगलेला. घरभर चिठ्ठ्या लागल्या, त्याला तेवढी लागली नव्हती.

"हो ना," सुमित्राबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "पण तीन महिन्यांत हात लागलाय का त्याला?"

अविनाशराव गेले आणि सूट घेऊन आले. बोहारणीने शिवण उलटून पाहिली, अस्तर चोळलं, कुठे कसर आहे का बघितलं. त्यांच्या मालाची इतकी कडक तपासणी कारखान्यातही झाली नसेल. मग गाठोडं सोडून तिने पांढरा शर्ट आणि निळा चौकड्यांचा स्कर्ट काढून दिला. डबा ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सुमित्राबाई फाटकापर्यंत गेल्या. एका भोकाड पसरलेल्या पोराचा हात धरून अवनी आत निघाली होती. कडक इस्त्रीच्या अर्ध्या बाह्या. मागे वळून बघायलाही तिला सवड नव्हती.

घरी दारातच अविनाशराव फोनवर ऐटीत कुणाला तरी सांगत होते, "सिस्टममध्ये इम्प्रूव्हमेंट केली. तीन महिन्यांऐवजी बारा. मोसमी वस्तूंचा विचार कोणी करतच नाही." फोन ठेवून सासूबाईंकडे वळले. "बरोबर ना, आई?"

"हो हो, बरोबर आहे तुमचं," सुमित्राबाई म्हणाल्या आणि चपला काढल्या. पिवळ्या पट्टीच्या बाहेर.