मेंढरांनी आखलेलं गोल्फचं मैदान

"गोल्फ? आणि आपल्या माळावर?" असं म्हणून जो तो हसायचा आणि दर वेळी माझं डोकं फिरायचं. क्रिकेटला कोणी हसत नाही. ते काय म्हसवडच्या शिवारात उगवलं होतं? उसाच्या पट्ट्यातले पाहुणे आले की चहा पिता पिता हमखास विचारायचे, "मेजर, प्यायला पाणी टँकरचं आणि तुम्ही गोल्फ काय काढलंय?" मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. गावाने बढती दिली ती दिली, निदान ऐकून तरी घ्यावं!

फौजेतली माझी शेवटची काही वर्षं एका छावणीच्या गोल्फच्या मैदानावर गेली. मी तिथे गवत राखायला होतो. सोमवारी मैदान बंद असे, तेव्हा आम्हा जवानांना खेळायची मुभा होती. लोकांना वाटतं, गोल्फ म्हणजे पांढरी टोपी, मोटारगाडी आणि मखमली गवत. मला तिथे वेगळंच दिसलं. लांब मारणारा तगडा गडी आणि जपून मारणारा म्हातारा एकाच मैदानावर बरोबरीने खेळत होते, कारण मैदान आखणाऱ्याने दोघांनाही वाट ठेवली होती. सरळ जायचं तर ओढा आडवा, वळसा घेतला तर एक फटका जास्त. ज्याला जे झेपेल ते त्याने करावं. ही अक्कल आखणाऱ्याची असते, तिला पैसा लागत नाही. तेव्हाच ठरवलं होतं, की गावी गेल्यावर असं मैदान करायचं, सगळ्यांसाठी, आणि नीट आखलेलं.

नीट आखलेलं, हे मी मुद्दाम म्हणतो. आपल्याकडे सार्वजनिक म्हटलं की कसंही चालतं, याची मला भयंकर चीड आहे. बागेत तोंड वासून बसलेला सिमेंटचा ससा, त्याच्या तोंडात कचरा. एसटी स्टँडवरचं बाकडं असं, की बसलं तर पाय जमिनीला टेकत नाहीत. व्यायामाची यंत्रं ऐन उन्हात, हात लावला की चटका. गोरगरिबांसाठी करायचं ते ओबडधोबडच करायचं, हा नियम कोणी केला? ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला डोळे नसतात काय?

आमच्या गावचं गायरान म्हणजे वडूजकडून येणाऱ्या रस्त्याच्या अंगाला पसरलेला उघडा माळ. खडक, मुरूम, कुसळी गवत आणि तुरळक बाभळी. गावातल्या शहाण्यांच्या मते तिथे काहीच नव्हतं. पण तिथे माझा चौथीपर्यंतचा वर्गमित्र होता. तो मेंढपाळ. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरं खाली कोकणात घेऊन जायची, ज्येष्ठात परत यायचं आणि पावसाळा याच माळावर काढायचा, हा त्याच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. कोकणातून चालत आलेली मेंढरं खंगलेली असतात. पावसाळ्यात या माळावरच ती पुन्हा अंग धरतात. हा माळ नसेल तर त्याचा कळप टिकत नाही, इतकं ते सरळ आहे.

एक अख्खा पावसाळा मी त्याच्या मागे मागे फिरलो. तो मला वेड्यात काढायचा.

"फौजंत तुला डोस्क्यावर मार लागला का रं?"

"तुझी मेंढरं कुठनं चढतात ते बघतोय."

"मेंढरू कवा बी सरळ चढत न्हाई गड्या. तिरपं जातंय. त्येला दम राखायची अक्कल हाय, माणसाला न्हाई."

त्या तिरप्या वाटांवरच मी मैदान आखलं. मेंढरं दुपारी जिथे बसत, तिथे वारा असे आणि जमीन थोडी खोलगट असे. तिथे झेंडे रोवले. असे नऊ झेंडे. गवताची हिरवळ करायची नव्हती. झेंड्याभोवती मुरूम चाळून अंथरला आणि त्यावर दगडी रोलर फिरवला. त्यावर चेंडू छान घरंगळतो. गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यापासून काठ्यांची पाती घडवली. पाण्याचा एक थेंब लागला नाही. गवत राखायला यंत्र लागलं नाही, ते काम कळपाने केलं. मेंढरं पुढे चरत जायची आणि मागून आम्ही खेळत जायचो. पिठाच्या गिरणीच्या मालकीणबाई पहिल्याच दिवशी असा फटका मारून गेल्या, की मी नुसता बघत राहिलो. जन्मभर खोरं मारलेल्या माणसांना काठी कशी फिरवायची हे शिकवावं लागत नाही.

माझ्या मित्राने एकच अट घातली होती. "मेंढरांची वाट मोडायची न्हाई." मी त्याच्या हातावर हात मारून म्हटलं, "शब्द दिला."

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग कोणीतरी मोबाइलवर चित्रफीत टाकली आणि आमचा माळ एकदम सगळ्यांना दिसायला लागला. हसणारे पाहुणे आता फोटो काढायला यायला लागले. तालुक्याला निधी मंजूर झाला, मार्चच्या आत खर्च करायचा. मैदान 'विकसित' करायला पुण्याहून एक तज्ज्ञ आले. माळावर उभे राहून त्यांनी चारी दिशांना पाहिलं आणि म्हणाले, "पोटेन्शियल आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक इथे दोन वर्षं खेळतायत आणि याला अजून पोटेन्शियलच दिसतंय!

त्यांच्या आराखड्यात लॉन होतं, तुषार सिंचन होतं, क्लब हाऊस होतं आणि मेंढरांच्या तिरप्या वाटांऐवजी पट्टीने आखलेल्या रेघा होत्या. मी त्यांना विचारलं, "या लॉनला पाणी कुठलं?" ते म्हणाले, "त्याची व्यवस्था होईल." ज्या गावात बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात, तिथे गवताची व्यवस्था होणार! मी तिथल्या तिथे नको ते बोललो. सरपंचबाई मध्ये पडल्या नसत्या तर साहेबांना मी म्हसवडपर्यंत चालायला लावलं असतं.

पुढे दोन महिने मी त्या लॉनशी भांडलो. साताऱ्याला फेऱ्या मारल्या, अर्ज केले, ज्याला त्याला ऐकवलं. शेवटी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधी साहेब नमले. लॉन गेलं, तुषार सिंचन गेलं, वाटा होत्या तशाच राहिल्या. त्यांनी फक्त एक गोष्ट मागितली: माळाभोवती तारेचं कुंपण आणि एक फाटक. "भटक्या जनावरांपासून संरक्षण. ते नसेल तर प्रस्ताव पुढे जात नाही."

मी हो म्हटलं. लढाई जिंकल्याच्या तोऱ्यात होतो. ग्रामसेवकाने ठराव वाचला, सूचक म्हणून माझं नाव घातलं, मी सही केली. "सर्व ग्रामस्थांच्या संमतीने मंजूर," असं त्याने लिहिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा मित्र राहतो त्या धनगरवाड्यातलं एकही माणूस सभेत नव्हतं. जानेवारीत ते कसे असणार? ते कोकणात होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून मी त्यांना दिवाळीनंतर जाताना बघत आलोय. पण गावात नसलेल्या माणसाला मोजायचं नाही, ही आमच्या सगळ्यांच्या अंगात इतकी मुरलेली सवय आहे, की त्या दिवशी मलाही काही चुकतंय असं वाटलं नाही. मार्चच्या आत कुंपण उभं राहिलं, चांगलं पाच पदरी, काटेरी.

ज्येष्ठात तो आला. निरोप मिळाला तसा मी माळावर गेलो. मेंढरं तारेला खेटून उभी होती. त्यांच्या पाठीची हाडं मोजता आली असती. तो काठीवर रेलून फाटकावरची पाटी वाचत होता. 'भटक्या जनावरांना सक्त मनाई.'

"भटकी कोण रं?" त्याने विचारलं. "माझी मेंढरं?"

मी सुरू झालो. पुण्याच्या साहेबाला शिव्या घातल्या, तालुक्याला घातल्या, मार्चला घातल्या. तो ऐकून घेत होता. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाला, "ठराव कुणी मांडला?"

राग एवढा होता, पण तो ठेवायला एकाएकी जागाच उरली नाही. शेवटी म्हणालो, "मी."

तो वळून एका मेंढराची पाठ चाचपायला लागला. ते मला बघवेना. मी धावत घरी गेलो, पक्कड आणली आणि तारा तोडायला लागलो. हात फाटले, सदरा फाटला. बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी केली आणि त्याला म्हटलं, "घाल आत."

"न्हाई."

"आता का न्हाई? तोडली की!"

"आज तू तोडलीस, उद्या दुसरा कोण बांधील. कागदावर तार हाय तशीच हाय. तिकडनं पोलीस आला तर मेंढरं माझी धरील, तुझी पक्कड न्हाई." आणि त्याने कळप वळवला. तो आषाढ-श्रावण त्याने लांबच्या माळांवर, कुणाच्या हातापाया पडून, कुणाच्या शिव्या खाऊन काढला. चार मेंढरं त्यात गेली. हे मला त्याने सांगितलं नाही, त्याच्या घरून कळलं.

इकडे आमच्या संरक्षित मैदानावर गवत गुडघ्याएवढं वाढलं. पहिल्याच फटक्याला चेंडू हरवायला लागले. गिरणीवाल्या बाई दोनदा येऊन परत गेल्या. कोणीतरी पेट्रोलचं यंत्र आणायची टूम काढली, खर्च निघावा म्हणून प्रवेश फी ठेवायची म्हणाले. बघा, किती झटपट होतं! चार महिन्यांत सगळ्यांचं मैदान काही जणांचं व्हायला निघालं होतं, तेही कोणी वाईट माणूस मध्ये नसताना.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा होती. मी आदल्या दिवशी धनगरवाड्यात घरोघरी फिरलो. सभेला सगळे आले, मित्र मागच्या भिंतीला टेकून बसला. मी उठून म्हणालो, कुंपणाचा ठराव रद्द करा, आणि त्यात असं लिहा की जानेवारीत हा ठराव मी मांडला, तेव्हा धनगरवाड्याला विचारलं नव्हतं आणि ती माझी चूक होती.

ग्रामसेवक म्हणाला, "मेजर, असं प्रोसिडिंगला लिहीत नाहीत."

"'सर्वांच्या संमतीने' हे खोटं लिहिता येतं, आणि खरं लिहिता येत नाही होय?" माझा आवाज चढला. "लिहा! मी सही करणार आहे ना?"

पुढे बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "आवं, चार मेंढरांपायी एवढं मैदान घालवता का?" मी त्याच्यावर असा ओरडलो, की बाहेरची पोरंसोरं खिडकीशी जमली. हे मैदान त्या मेंढरांनी आखलंय, म्हणालो, आपण फक्त झेंडे रोवले. सरपंचबाईंनी मला हाताने खाली बसवलं आणि ग्रामसेवकाला म्हणाल्या, "ते सांगतात तसंच लिव्हा." हात वर झाले. कुंपण काढायचं, वाट खुली, फी नाही. मी सही केली. मला वाटलं, चला, फिटलं.

तेवढ्यात तो उठला. आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेत बोलत होता. आवाज चढवला नाही.

"ठराव चांगला हाय," तो म्हणाला. "पण फुडल्या जानेवारीत परत सभा हुईल. कोण तरी परत निधी आणील. तवा आमी कोकणात असू."

मग त्याने माझ्याकडे बघितलं. "तू हितंच असशील. आज लय वरडलास. त्या दिशी पण वरडशील का?"

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. मी "व्हय" म्हणालो, पण ते इतकं हळू आलं, की त्याला पुन्हा विचारावं लागलं.